सतरा बटणांना सतरा फंक्शन्स कशाला?

महोदय,

डिप्लोमा आणि बीसीएच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरील झेरॉक्स दुकानांत कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमची तीच ती प्रत फिरू लागते. दहा अंक, चार क्रिया, दशांश चिन्ह, 'बरोबर' आणि 'सी' अशी 17 बटणे, आणि प्रत्येकाला वेगळे फंक्शन, म्हणजे ते बटण दाबल्यावर चालणारा कोडचा तुकडा. सातचे फंक्शन कॉपी करून आठला चिकटवायचे, आतला आकडा बदलायचा. तो बदलायचा राहिला की आठ दाबल्यावर सात उमटतो. जर्नल जाडजूड होते, एवढाच काय तो फायदा.

वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत हे काम एका फंक्शनचे आहे. प्रत्येक अंकाच्या बटणाला डेटा-अॅट्रिब्यूटमध्ये (एचटीएमएलमध्ये बटणासोबत माहिती ठेवण्याची जागा) त्याचा अंक द्यावा आणि क्लिकचा लिसनर (क्लिक होताच फंक्शन चालवणारी जोडणी) सगळ्या बटणांना वेढणाऱ्या डिव्हवर, म्हणजे चौकटीवर, एकदाच लावावा. आतल्या बटणावरचा क्लिक 'बबल' होत, म्हणजे बाहेरच्या घटकांकडे सरकत, त्या डिव्हपर्यंत पोहोचतोच. कोणते बटण दाबले हे 'इव्हेंट डॉट टार्गेट' सांगते. मात्र बटणात आयकॉन किंवा स्पॅन (मजकुराचा वेगळा तुकडा) असेल तर टार्गेट म्हणून तोच मिळतो, म्हणून तिथून बाहेरच्या दिशेने सर्वांत जवळचा घटक शोधणारे 'क्लोजेस्ट' वापरून बटण गाठावे. दोन बटणांमधल्या मोकळ्या जागेत क्लिक झाला तर 'क्लोजेस्ट' नल (म्हणजे काहीच नाही) देते; तेव्हा तिथूनच परत फिरावे, नाहीतर पुढच्या ओळीवर एरर ठरलेली.

डेटासेटमधून, म्हणजे त्या डेटा-अॅट्रिब्यूटमधून, येणारे मूल्य नेहमी स्ट्रिंग (संख्या नव्हे, मजकूर) असते, आणि विद्यार्थी अडकतात ते इथेच. अंक टाइप होत असताना स्ट्रिंगच हवी: एकापुढे दोन जोडून बारा. पण अधिक दाबल्यावर 12 आणि 5 मिळून 17 ऐवजी 125 येतात. वजाबाकी, गुणाकार बरोबर येतात, कारण तिथे जावास्क्रिप्ट स्वतःच संख्येत रूपांतर करते. मग विद्यार्थी अधिकच्या बटणातच तासभर चूक शोधत बसतो. हिशेब करण्याआधी दोन्ही बाजू संख्येत बदलणाऱ्या 'नंबर'मधून काढल्या की प्रश्न मिटतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लिसनर लावताना फंक्शनच्या नावापुढे कंस देणे. मग पान उघडताच ते एकदा चालून जाते आणि नंतर बटण ढिम्म. बटणे फॉर्मच्या आत असतील तर टाइप 'बटन' असे स्पष्ट लिहावे; न लिहिल्यास ते सबमिट धरले जाते आणि पान रीलोड होऊन आकडे पुसले जातात.

पायथन भाषेत खिडक्या-बटणे बनवणाऱ्या टीकिंटरमध्ये फॉर लूपने (तेच काम पुन्हा पुन्हा करून) 0 ते 9 बटणे करून कमांडमध्ये साधा लॅम्डा (बिननावाचे छोटे फंक्शन) दिला, तर कोणतेही बटण दाबा, 9 च उमटतो. लॅम्डा चलाची किंमत बटण दाबल्यावर वाचतो. तोवर लूप संपून त्यातला चल 'आय' 9 वर थांबलेला असतो. 'लॅम्डा आय=आय' असे लिहिले की प्रत्येक बटणाला आपापली किंमत मिळते. जावास्क्रिप्टच्या लूपमध्ये चल 'व्हार'ने जाहीर केल्यास हाच घोळ होतो, फक्त तिथे 10 उमटतो; त्याऐवजी 'लेट' वापरावे. व्हीबी डॉट नेट भाषा वापरणाऱ्यांना तर एकाच फंक्शनच्या 'हँडल्स'पुढे स्वल्पविराम देऊन बटणांची यादी लिहिता येते, कोणते दाबले ते 'सेंडर'मध्ये मिळते.

एक फंक्शन म्हणजे त्यात 17 इफ-एल्सची ('हे असेल तर असे, नाहीतर तसे') शिडी, असाही अर्थ काही जण काढतात. मग सुधारले ते काय? अंकांचे काम एकसारखे आहे, ते एकत्र ठेवावे. 'बरोबर' आणि 'सी' यांची कामे वेगळी, त्यांची छोटी फंक्शन्स वेगळीच राहू द्यावीत.

येत्या सिंहस्थासाठी घाट आणि वाहनतळांची माहिती देणारे पान कुणी प्रोजेक्ट म्हणून घेतले, तर यादी सर्व्हरवरून मागाहून येणार. आधी एकेका बटणाला लिसनर लावले असतील तर नंतर आलेली बटणे मुकी राहतात. डिव्हवर लावलेला असेल तर तीही चालतात.

परीक्षकांना एक विनंती. जर्नलची पाने मोजण्याऐवजी तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला एवढेच सांगावे: 'दोन शून्यांचे बटण इथेच वाढवून दाखवा.' ज्याने समजून लिहिले आहे, त्याला एचटीएमएलची एकच ओळ वाढवावी लागेल.

– संगणक विषयाचा एक शिक्षक, इंदिरानगर, नाशिक