पात्रता स्पर्धेआधी मुलींना सामने द्या : केंद्रीय क्रीडा राज्यमंत्री रक्षाताई खडसे यांना खुले पत्र

मा. श्रीमती रक्षाताई खडसे,
राज्यमंत्री, युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

ताई, मी आपल्याच रावेर मतदारसंघातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सतरा वर्षं मुलींना हँडबॉल शिकवतेय. कॉलेजात असताना स्वतः गोलकीपर होते, त्याच्या खुणा अजून दोन्ही कोपरांवर आहेत. आजवर कोणत्याही मंत्र्यांना पत्र लिहिलं नव्हतं, पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेआधी आपल्या महिला हँडबॉल संघाला पुरेसे सामने मिळावेत, ही गोष्ट आपल्याच खात्याची आहे आणि वेळ थोडा उरलाय, म्हणून लिहितेय.

डिसेंबर 2024 मध्ये महिलांची आशियाई हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा दिल्लीत झाली, इंदिरा गांधी स्टेडियममध्ये. एवढी मोठी स्पर्धा आपल्या देशात, म्हटल्यावर मी चार मुलींना घेऊन भुसावळहून गाडीत बसले. सोबत दशम्या आणि ठेचा. स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा जपानच्या मुलींचा वॉर्म-अप चालू होता. एकीने चेंडू एका हातात धरला होता, तळवा खाली आणि चेंडू त्याच्याखाली, आणि तशीच ती शेजारणीशी गप्पा मारत होती. चेंडू पडेना. माझी नववीतली मुलगी वाकून बघत म्हणाली, "मॅडम, तो चिकटतो कसा काय?"

मी तिला राळेबद्दल सांगितलं. आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडू बोटांना राळ लावतात, त्यामुळे चेंडूवर पकड बसते आणि मनगटाने फिरवून मारलेला चेंडू टप्पा पडल्यावर कीपरच्या पायाजवळून भलतीकडेच वळतो. आमच्याकडे मातीचं मैदान. चेंडूवर धूळ बसते, मुली तो टी-शर्टला पुसून खेळतात. असा वळणारा चेंडू जिने कधी पाहिलाच नाही, ती पहिल्यांदा पात्रता स्पर्धेतच त्याच्यासमोर उभी राहिली तर तिचा दोष काय? मी स्वतः कीपर होते म्हणून हे जास्त लागतं.

दिल्लीतल्या त्या स्पर्धेत आठ संघ होते आणि पहिल्या चौघांना 2025 च्या जागतिक स्पर्धेचं तिकीट होतं. आठातले चार, तेही घरच्या मैदानावर. याहून उघडं दार आपल्याला पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. जपानने अंतिम सामन्यात कोरियाला हरवलं. या दोघांसोबत कझाकस्तान आणि इराण जागतिक स्पर्धेला गेले, आपण गेलो नाही. आपला महिला संघ आजवर ना सीनियर जागतिक स्पर्धा खेळलाय, ना ऑलिंपिक. महिला हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आला 1976 साली, मॉन्ट्रियलला. म्हणजे पन्नास वर्षांची गोष्ट झाली.

त्याआधी ऑगस्ट 2023 मध्ये हिरोशिमाला पॅरिस ऑलिंपिकची आशियाई पात्रता स्पर्धा झाली. तिथे फक्त पाच संघ होते: दक्षिण कोरिया, जपान, चीन, कझाकस्तान आणि भारत. पाचात पहिला आला तर थेट पॅरिस, दुसरा आला तर आणखी एक संधी. आठवडाभरात चार सामने, की निकाल लागला. कोरियाने आपल्याला तीसहून जास्त गोलांनी हरवलं. त्या मुलींवर कुणी नाराज होऊ नये, हे मला आवर्जून सांगायचंय. कोरियाच्या मुलींनी 1988 आणि 1992 ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलंय आणि 1984 पासून एकही ऑलिंपिक चुकवलेलं नाही. वर्षभर स्पर्धात्मक सामने खेळून त्या येतात. आमच्या मुली कॅम्पमधून उठून विमानात बसतात.

दुसऱ्या संधीचंही सांगते, कारण पात्रतेचं गणित तिथे कळतं. ऑलिंपिकला बारा संघ. यजमान, जगज्जेता आणि खंडांचे विजेते थेट जातात. उरलेल्या सहा जागांसाठी तीन पात्रता स्पर्धा होतात, प्रत्येकीत चार संघ, त्यातले पहिले दोन ऑलिंपिकला. एप्रिल 2024 मध्ये या स्पर्धा हंगेरीत डेब्रेत्सेन, स्पेनमध्ये तोरेव्हिएहा आणि जर्मनीत नॉय-उल्म इथे झाल्या. आशियातून दुसरा आलेला जपान डेब्रेत्सेनला गेला आणि हंगेरी-स्वीडनसमोर तोही अडला. नॉय-उल्मला जर्मनी, स्लोव्हेनिया, माँटेनेग्रो यांच्यासोबत पॅराग्वे होता. पॅराग्वे! पॅरिसला नाही पोहोचला, पण त्या मुलींनी जर्मनीत जर्मनीशी सामना खेळला. आणि 2025 च्या जागतिक स्पर्धेत फेरो आयलंड्स पहिल्यांदा उतरलं, सगळा देश मिळून जेमतेम पंचावन्न हजार माणसांचा. आपल्याकडे एखाद्या तालुक्याची लोकसंख्या याच्या चौपट निघेल.

कोरिया-जपानला गाठा, असं मी म्हणतच नाही. आपली बरोबरी आधी कझाकस्तानशी आहे. दोन कोटींचा देश, 2002 आणि 2010 ला आशियाई विजेता, 2008 ला बीजिंग ऑलिंपिक खेळलेला. त्यांना गाठता येतं हे आपल्याच पोरींनी दाखवलंय. मार्च 2022 मध्ये आपल्या ज्युनियर मुलींनी आशियाई स्पर्धा जिंकली, ती कझाकस्तानातच, अल्माटीला. अंतिम सामन्यात थायलंडला हरवलं. स्वतः पंतप्रधानांनी अभिनंदन केलं होतं. त्या मुली तेव्हा वीस वर्षांच्या आत होत्या, म्हणजे 2028 ला लॉस एंजेलिसच्या वेळी सव्वीसच्या आसपास असतील. हँडबॉलमध्ये हेच भरात येण्याचं वय. पण आपल्याकडे याच वयात नोकरी लागली तर खेळ टिकतो, नाही लागली तर लग्न ठरतं. माझ्या हातून गेलेल्या चांगल्या मुलींपैकी बाविशीनंतर खेळणाऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

आता एक जवळची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या एका डावखुऱ्या मुलीला राष्ट्रीय कॅम्पचं बोलावणं आलं. उजव्या विंगला डावखुरी खेळाडू म्हणजे काय सोनं असतं, ते कोणत्याही कोचला विचारा. तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. अर्ज केला, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, एका मात्रेचा फरक. पोलीस पडताळणी अडली. तिचे वडील मजुरी बुडवून तीनदा जिल्ह्याच्या गावी गेले. पासपोर्ट हातात आला तेव्हा संघ जाऊन परत आला होता. ती आता शेतात जाते. भेटली की विचारते, "मॅडम, या वर्षी टीम कशी आहे?"

म्हणून पहिली विनंती अगदी साधी आहे. राज्याच्या संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलीचा पासपोर्ट तेव्हाच काढून द्या. त्यासाठी ना नवीन योजना लागते ना इमारत, फक्त खात्याकडून एक पत्र गेलं पाहिजे.

इमारतीचं निघालंच आहे म्हणून सांगते. हँडबॉलचं मैदान चाळीस बाय वीस मीटर असतं. जिल्ह्या-तालुक्याला जी क्रीडा संकुलं झाली, त्यातले बरेच इनडोअर हॉल बॅडमिंटनच्या मापाने बांधलेत. तिथे आमचं मैदान बसत नाही, आणि बसलं तरी राळेने लाकडी फ्लोअर खराब होतो म्हणून परवानगी मिळत नाही. खानदेशात एक तरी हॉल असा हवा जिथे चाळीस मीटर मिळतील आणि राळ लावू देतील.

पण मुख्य मागणी सामन्यांची आहे. पॅरिसच्या वेळी आशियाई पात्रता स्पर्धा ऑलिंपिकच्या वर्षभर आधी झाली होती. तोच हिशोब धरला तर आपल्याकडे 2027 पर्यंतचाच वेळ आहे. तोवर या संघाला किमान वीस आंतरराष्ट्रीय सामने मिळावेत. कझाकस्तान, उझबेकिस्तान, इराण, चीन, जे बोलावतील त्यांच्याकडे जावं, जे येतील त्यांना बोलवावं. खात्याच्या एसीटीसीमध्ये, म्हणजे महासंघांच्या वार्षिक सराव-स्पर्धा कार्यक्रमात, या सामन्यांसाठी पैसे आत्ताच धरावे लागतील, कारण स्पर्धेच्या महिनाभर आधी मंजुरी आली तर तिचा उपयोग फक्त तिकिटं काढण्यापुरता होतो. तीस-पस्तीस मुलींचा गट एकदा निवडा, एक कोच आणि कीपरसाठी वेगळा कोच द्या, आणि स्पर्धा होईपर्यंत तो बदलू नका.

या खेळाच्या कारभारात वर्षानुवर्षं दोन गट भांडत राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या. कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचं नाही. 2025 मध्ये आपल्याच सरकारने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात असे वाद सोडवायला क्रीडा लवाद आहे. वाद तिथे चालू दे. निवड चाचणी आणि कॅम्प मात्र त्यासाठी एक दिवसही थांबू नये, एवढं आपण लेखी द्या.

पुरुषांच्या लीगचं पहिलं विजेतेपद 2023 मध्ये महाराष्ट्राच्याच संघाने घेतलं, तेव्हा आमच्या मुली शाळेच्या मोबाईलवर तो सामना बघत होत्या. त्यातल्या दोघी या वर्षी राज्य निवड चाचणीला जाणार आहेत. त्यांच्या पासपोर्टचे अर्ज मी याच आठवड्यात भरतेय, नावातल्या मात्रा तपासून.

आपण मतदारसंघात याल तेव्हा संध्याकाळी साडेपाचला आमच्या मैदानावर या. मुली तेव्हा फक्कीने सहा मीटरची रेघ आखत असतात.

आपली,
रावेर मतदारसंघातील एक क्रीडाशिक्षिका