विषय : होम थिएटरचे स्पीकर चुकीच्या जागी बसवल्याबाबत व तक्रार परस्पर बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या लातूरच्या विक्रेत्याकडून मी होम थिएटरचा ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) घेतला. बिलात इन्स्टॉलेशन आणि सेटिंगचे पैसे वेगळे लावले आहेत, म्हणून हे पत्र.

पडद्याकडे तोंड करून बसलं की सराउंड, म्हणजे आजूबाजूच्या आवाजाचे, स्पीकर दोन्ही बाजूंना, ९० ते ११० अंशांच्या कोनात, म्हणजे कानाच्या रेषेत किंवा जरा मागे हवेत. उंचीही कानापेक्षा थोडीच जास्त हवी. आपल्या माणसांनी ते सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, पार छताखालच्या कोपऱ्यांत ठोकले. का, तर "वायर तेवढीच आहे". पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि आवाज मात्र डोक्यामागे घोंगावत राहतो.

सेंटर स्पीकर, ज्यातून मुख्यतः संवाद येतात, तो टीव्हीखालच्या कपाटात, दाराआड ठेवलाय. आईला कमी ऐकू येतं. संवाद तिला नीट कळावेत म्हणूनच आम्ही साध्या साउंडबारऐवजी हा महाग संच घेतला. आता शब्द कपाटातच घुमतात आणि ती दर वाक्याला "काय म्हणला?" विचारते. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पुढच्या उजव्या स्पीकरला लाल-काळी वायर उलटी जोडलेली आहे. प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून आवाज जुळवायचा सेटिंगचा माइक अजून सीलबंद पिशवीत आहे आणि रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्रात) सगळ्या स्पीकरचं अंतर एकसारखं दिसतं. मग सेटिंगचे पैसे कशाचे घेतले?

तंत्रज्ञ म्हणाले, शहाबादी फरशीमुळे आवाज घुमतो, गालिचा टाका. गालिचा आणि जाड पडद्यांनी घुमणं कमी होईल हे मान्य, ते आम्ही करू. पण त्याने स्पीकरची जागा बदलत नाही.

आणखी एक. मागच्या एका ब्रॅकेटचा गट्टू नुसत्या गिलाव्यात बसलाय, हात लावला तरी हलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात डोक्यावर जड वस्तू अशी लटकवायला कोणी धजत नाही. त्या सोफ्यावर लेकरं बसतात. सध्या मी तो स्पीकर काढून खाली ठेवला आहे.

एवढं असताना "तक्रारीचे निवारण झाले" असा मेसेज आला. निवारण झालेलं नाही. तक्रार पुन्हा उघडावी, जाणकार माणूस पाठवावा, पुरेशी वायर आपल्या खर्चाने द्यावी, माइक लावून माझ्यासमोर सेटिंग करावं आणि भिंतीची जुनी भोकं बुजवून द्यावीत. जमत नसेल तर इन्स्टॉलेशनचे पैसे परत करा, मी दुसरा कारागीर बघतो.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत व भिंतींचे फोटो सोबत जोडले आहेत. माणूस पाठवताना आदल्या दिवशी फोन करावा, आणि त्याच्याकडे ड्रिल व लांब गट्टू असावेत.

आपला,
एक ग्राहक, लातूर