तुझ्या लग्नाला का आलो नाही

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मन्या,

तुझ्या लग्नाला मी आलो नाही म्हणून तू वर्षभर अबोला धरला होतास. 'रजा मिळाली नाही' असं तेव्हा सांगितलं, ते साफ खोटं होतं. मे २०१७ मध्ये मी इथल्या काउंटीच्या जेलमध्ये होतो.

आदल्या दिवाळीच्या पार्टीतून पिऊन गाडी काढली. वळणावर सायकलवाला दिसलाच नाही. त्याच्या पायाचं हाड मोडलं. पिऊन गाडीने कुणाला जखमी केलं, तर इथे तो गुन्हा किरकोळ धरता येतो किंवा 'फेलनी' म्हणजे गंभीर. माझा फेलनी धरला. मी कबुली दिली. चार महिने जेल, पाच वर्षं प्रोबेशन (म्हणजे बाहेर, पण कोर्टाच्या अटींखाली), शिवाय त्या माणसाला भरपाई, हप्त्याहप्त्याने.

ते सगळं फिटलं, पण रेकॉर्ड काही सुटेना. २०१८ पासून इथे कायदा आहे: पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने नोकरी देऊ करण्याआधी जुन्या शिक्षेबद्दल विचारायचं नाही. नाहीच विचारत. ऑफर हातात देतात आणि मग तपासतात. दोनदा पेढे वाटायच्या बेतात होतो.

तर मागच्या महिन्यात कोर्टात अर्ज केला. फेलनीचा किरकोळ गुन्हा करा आणि मग खटलाच काढून टाका, अशा दोन मागण्या. त्याआधी बोटांचे ठसे आणि २५ डॉलर देऊन राज्याकडून स्वतःचं रेकॉर्ड मागवलं होतं. जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग आणि खाली तो गुन्हा. अख्खा मी एवढाच. सरकारी वकिलाला १५ दिवस आधी नोटीस गेली. प्रोबेशन नीट पार पाडलं की बऱ्याच गुन्ह्यांत ही सवलत कोर्टाला द्यावीच लागते. पिऊन गाडी चालवणाऱ्याला मात्र न्यायाधीशांना वाटलं तरच.

नोकरी, व्यसनमुक्तीचे वर्ग, सगळं पाठ करून गेलो होतो. न्यायाधीश बाईंनी एकच विचारलं, "तो माणूस आता कसा आहे?"

मन्या, मला माहीत नव्हतं. हप्ते एकदाही चुकवले नाहीत, पण तो लंगडतो की धावतो, कधी चौकशी केली नाही. तसंच सांगितलं. त्या बराच वेळ कागद चाळत राहिल्या. मग सही केली.

आता कबुली मागे घेतली गेली, 'गुन्हा नाकबूल' अशी नोंद झाली, खटला रद्द. खासगी नोकरीत हे माझ्याविरुद्ध धरता येत नाही. पण पुसलं गेलं असं समजू नकोस. जुनी ओळ तशीच आहे, तिच्याखाली रद्द झाल्याची एक ओळ वाढली, इतकंच. दहा वर्षांच्या आत पुन्हा पिऊन सापडलो, तर जुनी शिक्षा मोजणारच. आणि इमिग्रेशनवाले राज्याच्या असल्या आदेशाला विचारत नाहीत. नागरिकत्वाच्या अर्जात सगळं लिहायचं, कोर्टाचे कागद जोडायचे. ग्रीन कार्ड वाचलं हेच खूप.

आईला ठाऊक आहे, बाबांना नाही. डिसेंबरात येतोय. वहिनींना तू आधीच सांगून ठेव, माझ्याने त्यांच्यासमोर बोलवणार नाही. आहेर आणतोय, आठ वर्षं उशिरा.

तुझा,
बंड्या