पर्यवेक्षकालाही शिकवायला हवे

मा. संपादक महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्यांत (वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) नव्या कामगाराची चूक झाली, की पर्यवेक्षकाचा पहिला शब्द बहुधा ओरडण्याचाच असतो. मीही बरीच वर्षे तेच केले. एका पाळीत ब्लोहोलमुळे (वायू अडकून धातूत पडणाऱ्या छिद्रांमुळे) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लागोपाठ रिजेक्ट होऊ लागले, तेव्हा मोल्डिंगवरच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या, मुलाला झापण्याऐवजी मी त्याला वाळू मुठीत दाबून मोडायला लावली आणि ‘काय वेगळे वाटते?’ एवढेच विचारले. वाळू जास्त ओली आहे हे त्याने स्वतःच ओळखले आणि पुढे तो पाळी सुरू होतानाच ओलावा तपासू लागला. (भट्टीसमोर उभे राहून एवढा संयम ठेवणे सोपे नसते, हे मान्य.)

शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी १९६१ च्या कायद्याने मालकांवर टाकली आहे. परंतु चांगल्या कारागिराला बढती देऊन पर्यवेक्षक केले जाते, तेव्हा माणसे कशी घडवायची हे त्याला कोणीच शिकवत नाही. उद्योजकांच्या संघटनांनी पर्यवेक्षकांसाठी असे वर्ग पाळीच्या वेळा सांभाळून घ्यावेत आणि त्या तासांचा पगार कापला जाऊ नये, ही विनंती.

– एक निवृत्त फौंड्री पर्यवेक्षक, कोल्हापूर