पिरॅमिडखाली शहर असेल, तर पाणी कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इजिप्तमधल्या गिझाच्या पठारावरच्या, खाफ्रे राजाच्या पिरॅमिडखालच्या ‘भूमिगत शहरा’वर पानभर मजकूर आला आहे. ६४८ मीटर खोल गेलेले आठ उभे दंडगोल, त्यांना वेटाळून उतरणाऱ्या वाटा आणि तळाशी ८० मीटर बाजूचे दोन प्रचंड घन. चित्रही झकास काढलंय. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही पाण्याचा उल्लेख कुठे सापडला नाही. माझी सगळी नोकरी विहिरी आणि बोअरच्या जागा ठरवण्यात, भूजलाची पातळी मोजण्यात गेली. जमिनीखाली अमुक आहे असं कुणी म्हटलं की पाणी किती खोलीवर लागतं, हे मी आधी विचारतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

गिझाचं पठार चुनखडीचं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटर उंच, आणि पायथ्याशी नाईलचं खोरं. इथे पाणी कुठवर आहे हे कळायला उपग्रहाची गरज नाही, कारण तिथे आयतीच एक विहीर आहे म्हणा ना. खाफ्रेच्या पिरॅमिडकडून स्फिंक्सच्या बाजूला उतरणाऱ्या जुन्या दगडी रस्त्याखाली तीन टप्प्यांचं एक विवर आहे, ‘ओसायरिस शाफ्ट’ या नावाने ते ओळखलं जातं. एकूण खोली सुमारे ३० मीटर. १९३०च्या दशकात सेलिम हसन या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाला तळाशी काम करता आलं नाही, कारण तळ पाण्याखाली होता. आसपासचे लोक तिथे पोहायला उतरायचे, ते पाणी प्यायचेही. १९९९ मध्ये झाही हवास या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञांनी उपसा करून तळ मोकळा केला, तेव्हा चार खांबांचे अवशेष, मधोमध ग्रॅनाइटची शवपेटी आणि तिच्याभोवती पाण्याचा चर असं दालन दिसलं. कुठल्याही चित्रकाराच्या कल्पनेपेक्षा सरस! आपल्या लेखात त्याला एक ओळही नाही.

जवळच्या खुफूच्या पिरॅमिडखाली खडकात कोरलेली खोलीही तळापासून ३० मीटरच्या आसपास खाली आहे, आणि ती अर्धवट सोडलेली आहे. इजिप्तमधल्याच सक्काऱ्याला जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली ७ मीटर लांब-रुंद आणि २८ मीटर खोल विवर आहे. त्याच्या भोवतीच्या बोगद्यांची लांबी भरते जवळपास ६ किलोमीटर. तांब्याच्या छिन्न्या आणि दगडी हातोडे घेऊन, दिव्याच्या उजेडात माणसांनी हे केलं. आता यापुढे ६४८ मीटर हा आकडा ठेवून बघा. तो समुद्रसपाटीच्याही साडेपाचशे मीटरहून जास्त खाली जातो. विहीर खणणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, झरा फुटला की पंप लावल्याशिवाय पुढची पहार मारता येत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी हा उपसा कशाने केला, एवढा एक प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

‘रडार ६४८ मीटर खोल पोहोचलं’ असं लेखात म्हटलं आहे. या शहराचा दावा करणाऱ्या कोर्राडो मालांगा, फिलिप्पो बिओन्दी या इटालियन मंडळींनीसुद्धा असं म्हटलेलं नाही. पिरॅमिडच्या पृष्ठभागाची सूक्ष्म थरथर उपग्रहावरच्या रडारने मोजायची आणि तिच्यावरून आतल्या पोकळ्यांचा अंदाज बांधायचा, अशी त्यांची रीत आहे. हा दावा त्यांनी मार्च २०२५ मध्ये थेट पत्रकार परिषदेत मांडला, इतर तज्ज्ञांनी तो तपासण्याआधीच. डेन्व्हर विद्यापीठातले रडार-पुरातत्त्वाचे जाणकार लॉरेन्स कॉनियर्स यांनी त्याला मोठी अतिशयोक्ती म्हटलं. पिरॅमिडखाली लहानसहान पोकळ्या असू शकतात, हेही त्यांनी नाकारलं नाही. आता रडारच्या लहरी खरोखर जमिनीत किती शिरतात? १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ या अमेरिकी अंतराळयानावरच्या रडारला पूर्व सहारातल्या वाळूखाली बुजलेली नद्यांची पात्रं दिसली. फार गाजलेला शोध होता तो. पण ती खोली काही मीटरच, तीही वाळू ठणठणीत कोरडी होती म्हणून. ओल लागली की रडार आंधळं होतं.

आमच्या कामात पाणाड्याशी गाठ ठरलेली. तळहातावरचा नारळ उभा राहिला की ‘दीडशे फुटांवर दोन इंच पाणी’ असं सांगून तो मोकळा! मी कधी त्याची टर उडवली नाही, कारण बोअरची गाडी लागली की दुसऱ्या दिवशी त्याचा निकाल सगळ्या गावासमोर लागायचा. खाफ्रेच्या पिरॅमिडखाली गाडी लावायला कुणी परवानगी देणार नाही, त्यामुळे ६४८ या आकड्याला असली काही भीती नाही. तपासता येईल असं काम कसं असतं, तेही गिझालाच पाहायला मिळतं. खुफूच्या पिरॅमिडच्या उत्तर बाजूला ९ मीटर लांबीची बंद वाट आहे असं म्युऑन कणांच्या, म्हणजे वातावरणातून सतत पडणाऱ्या आणि दगडही भेदणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मोजणीतून कळलं. मग रडारने आणि ध्वनिलहरींनी ताडून पाहिलं, शेवटी दगडांच्या फटीतून बारीक नळीचा कॅमेरा आत घातला, आणि मार्च २०२३ मध्ये ती वाट सगळ्या जगाने पाहिली.

मला खरी हळहळ वाटते ती हवाराची. तिथे, इजिप्तमधल्या फायूमजवळ, तिसऱ्या अमेनेमहेत राजाने पिरॅमिड आणि त्याला लागून अवाढव्य मंदिर बांधलं. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ते पाहिलं आणि त्याला चक्रव्यूह म्हटलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे १५०० खोल्या वर आणि १५०० जमिनीखाली. वरच्या त्याने स्वतः हिंडून पाहिल्या. खालच्या रखवालदारांनी दाखवल्या नाहीत, तिथे राजे आणि पवित्र सुसरी पुरल्या आहेत म्हणाले. पुढे लोकांनी ते दगड इतर बांधकामांसाठी उचलून नेले. १८८८-८९ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला मंदिराच्या जागी मुख्यतः दगडांच्या कपच्यांचा थर मिळाला. मात्र पिरॅमिडच्या पोटात तो चिखलाने भरलेल्या बोळांतून सरपटत शिरलाच. आत एकाच क्वार्ट्झाइट दगडातून कोरलेली शवकक्षाची कुंडी होती. लांबी जवळपास ७ मीटर, वजन शंभर टनांहून जास्त. तिच्यात पाणी साचलेलं होतं, आणि त्या पाण्यात चाचपत त्याने शोध घेतला.

आज तो प्रवेशमार्ग पाण्याखाली आहे. एक कालवा अवशेषांच्या मधूनच गेला आहे, आणि आसपासच्या शेतांना बारमाही पाणी आहे. शेतकऱ्यांना दोष देता येणार नाही, त्यांचं पोट त्यावरच आहे. पण मिठाचं पाणी खालून वर चढतं, विटा भुसभुशीत होतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. हेरोडोटसच्या खालच्या खोल्यांतलं काही शिल्लक असलंच, तर ते या पाण्यात आहे.

उपाय नाही असं मुळीच नाही. अलेक्झांड्रियाच्या कोम अल-शुकाफाची तीन मजली भुयारी दफनभूमी १९००मध्ये सापडली, एक गाढव जमीन खचून आत पडल्यामुळे म्हणतात. तिचा तळमजला कित्येक वर्षं बुडालेला होता. भूजल खाली उतरवण्याचं काम तिथे २०१९ मध्ये पूर्ण झालं. दक्षिण इजिप्तमधल्या कोम ओम्बोच्या मंदिरात असंच काम चालू असताना २०१८ मध्ये वालुकाश्माचा एक छोटा स्फिंक्स हाती लागला. पंप बसवणाऱ्यांच्या कामातून निघालेली ही वस्तू! आपल्याकडे ही बातमी किती वर्तमानपत्रांनी छापली असेल?

माझी विनंती साधी आहे. तूतनखामेनच्या थडग्यात गुप्त दालन ‘९० टक्के नक्की’ असल्याचं इजिप्तच्या मंत्र्यांनी सांगितलं, तेव्हा पुरवण्या भरल्या होत्या. २०१८ मध्ये इटलीतल्या तोरिनोच्या संशोधकांनी भिंतीमागे काही नसल्याचा निष्कर्ष दिला, तो मी तरी मराठीत ठळकपणे छापलेला पाहिला नाही. दोन्ही बातम्यांना सारखीच जागा द्यावी. आणि हवारावर एक पूर्ण पान काढावं, कालव्याच्या नकाशासकट. त्यातला भूजलाचा भाग तपासून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, सातारा