'पाच मिनिटाचं काम' आणि तासाचा रेट

संपादक साहेब, नमस्कार. मी लातूरला घरूनच लोगो, पत्रिका, बॅनरचं डिझाईन करतो. गंजगोलाईतले दुकानदार म्हणतात, पाच मिनिटाचं तर काम हाय, त्याचे काय पैसे? आणि खरं सांगू का, चूक माझीबी हाय, कारण दोन वर्षं मी रेट अंदाजेच सांगत होतो, समोरच्याचं तोंड बघून.

मागच्या महिन्यात वही घेऊन बसलो. घरखर्च, नेट, लाईटबिल, सॉफ्टवेअर, विमा, थोडी बचत असं धरून महिन्याला 40 हजार लागतात, म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. आता तास. दिवसाला आठ तास बसतो म्हणून आठही तासाचे पैसे मिळतात असं नसतं बगा, फोन, कोटेशन, उधारी मागणं, लाईट गेली की गप बसणं, ह्याचे कोण देतंय? आठवड्याला 22 तासच खरे निघाले. सणवार, लग्नसराई, आजारपण काढून 46 आठवडे, म्हणजे वर्षाला साधारण 1000 तास. तासाला 480 रुपये! आणि मी 150 नी काम करत होतो.

वर पुण्याच्या एका कंपनीनं 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापायचा इन्कम टॅक्स, कापला, तो रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो खरा, पण तवर पैसा अडकतोच.

आता 500 सांगतो. दोन गिऱ्हाइकं गेली, एक परत आलं. आयटीआय, कॉलेजात सॉफ्टवेअर शिकवतात, हा हिशोब कोणीच शिकवत नाही, तुमच्या पेपरात यावर एखादं पान द्या की.

– एक डिझायनर, लातूर