सात प्रश्न मराठीत छापाल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जिममधल्या हार्ट अटॅकवर लेख आला होता, राजू श्रीवास्तव २०२२ मध्ये ट्रेडमिलवर कोसळले तिथपासून सगळं होतं, आणि शेवटी 'सर्टिफाइड ट्रेनरकडेच जा' एवढं एक वाक्य टाकून विषय संपवलेला. मी चिंचवडला एका जिममध्ये ६ वर्षं ट्रेनर आहे आणि सध्या नेमका त्याच सर्टिफिकेटचा अभ्यास करतोय, त्यात व्यायामाआधी विचारायचे सात प्रश्न आहेत, ते मराठीत छापा म्हणायला लिहायला बसलो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परीक्षा अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझची. १५० प्रश्न, ३ तास, त्यातले १२५ च मार्कांत धरतात, बाकीचे २५ नुसते चाचपणीसाठी टाकलेले असतात पण कुठले ते कळत नाही, आणि ८०० पैकी ५०० स्कोअर आला की पास. फीमध्ये दोन पगार गेले, बायको अजून ऐकवते. त्याआधी सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून वाचवायचं, सर्टिफिकेट लागतं ते काढलं, डमीच्या छातीवर ३० वेळा दाबायचं, २ श्वास द्यायचे, वेग मिनिटाला १०० ते १२०, शंभर किलोचा बेंच मारणारी पोरं दोन मिनिटांत घामाघूम झाली होती.

खरी अडचण पुस्तकाची आहे. मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला, दहावीपर्यंत मराठी मिडियम. शाळेत हृदयाच्या कर्णिका-जवनिका घोकल्या, आता तेच एट्रियम-व्हेंट्रिकल म्हणून परत शिकतोय. सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस ही चार नावं पाठ करायला मला आठवडा लागला, आणि कळलं काय तर खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू. आमचे वस्ताद वजनाला हात लावायच्या आधी मुदगल फिरवायला लावायचे ते ह्याच्यासाठीच की! पण हे मराठीत सांगणारं काही हाताला लागत नाही, मग माझ्यासोबतची पोरं न समजता पाठ करतात, नाहीतर पैसे भरून दोन दिवसांत मिळणारं कसलंतरी सर्टिफिकेट आणून भिंतीला लावतात. गिऱ्हाईक काय, फ्रेम बघतं आणि ट्रेनरचे दंड बघतं.

मलाही आधी वाटायचं परीक्षा म्हणजे स्नायूंची नावं. तसं नाहीये. माणसाला व्यायाम द्यायच्या आधी काय विचारायचं ह्यावर ती बराच वेळ अडून बसते. गेल्या महिन्यातलंच सांगतो. ५८ वर्षांचे एक काका ट्रेडमिलवर होते, आमचा नवीन पोरगा शेजारी उभा. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती ह्याचा ढोबळ हिशोब २२० वजा वय, म्हणजे १६२, आणि मशिनवर ठोके दिसतायत १०४. म्हणून हा स्पीड वाढवतोय, "काका, अजून खूप बाकी आहे, चला!" मी जवळ जाऊन काकांना गावाचं नाव विचारलं तर त्यांना ते एका दमात सांगता येईना. मशिन थांबवलं, बसवलं, मग विचारलं कुठली गोळी चालू आहे का. बीपीची होती, बीटा ब्लॉकर. ती घेतली की ठोके वाढतच नाहीत फारसे, मग आकड्यावर जायचं नसतं, बोलता येतंय का ते बघायचं, किती दमलात ते विचारायचं. हा धडा मी आठवडाभर आधी वाचला होता म्हणून, नाहीतर मीही स्पीडच वाढवला असता.

आता त्या काकांना अॅडमिशनच्या वेळी काय विचारलं होतं? नाव, मोबाइल, पॅकेज ३ महिन्यांचं की वर्षाचं. गोळीचं कोणीच नाही. पार-क्यू म्हणून व्यायाम सुरू करायच्या आधी भरायचा एक साधा फॉर्म असतो, जुन्या फॉर्मात सातच प्रश्न: हृदयाचा आजार सांगितलाय का, व्यायाम करताना छातीत दुखतं का, महिन्याभरात बसल्याजागी दुखलं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडा-सांध्याचं काही आहे का, बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, आणि व्यायाम करू नये असं दुसरं काही कारण. एकाला जरी हो आलं तर आधी डॉक्टर. मी हे हाताने मराठीत लिहून काउंटरवर चिकटवलं होतं, मालकांनी तिसऱ्या दिवशी काढलं, म्हणे लोक घाबरून पळतील. प्रोटीनच्या डब्याचं पोस्टर मात्र आहे तिथेच आहे.

तर विनंती एवढीच की हे सात प्रश्न पुरवणीत एकदा चौकटीत छापा, मोठ्या अक्षरात, म्हणजे कापून खिशात ठेवता येतील. जिमवाला विचारत नसेल तर माणूस स्वतःहून तरी सांगेल. कच्चा मराठी मजकूर सोबत जोडलाय, एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्या कारण माझी परीक्षा अजून तीन आठवड्यांनी आहे.

आपला,
एक जिम ट्रेनर, चिंचवड
(नोकरी तिथेच आहे, नाव छापू नये)